फॅट किती लागली

सेलूच्या पुढं दुधना ओलांडली की
डाव्या हाताला डेअरी, उजव्या हाताला अंगणवाडी.
सकाळी सहाला हिचं शटर वर जातं,
दहाला तिची कडी निघते.
माझ्या पिशवीत वजनकाटा, टेप
आणि तो चिमटा,
ज्याला कागदावर कॅलिपर म्हणतात
आणि शिवकन्या म्हणते पोपट.

दंडाच्या मागं, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधे
पेनानं एक टिंब.
कातडी चिमटीत उचलायची, मांस खाली सोडून,
चोच लावायची, मनात दोन अंक मोजायचे
आणि वाचायचं.
"चावतो का?"
चावत नाही गं, नुसता चाखून बघतो.
पाच पूर्णांक दोन मिलिमीटर.
एवढ्याशा जाडीत तिची सगळी शिल्लक,
एखाद्या तापाच्या आठवड्यासाठी ठेवलेली.

मन्मथ किराणावाल्यांचा.
दंड शिवकन्येसारखाच, तुरीची काडी,
पण सदरा वर केला की पोट आधी पुढं येतं.
दुकानातल्या माळेवरून पुड्या तोडतो,
पाचाची पिवळी, पाचाची लाल,
मग बोटं चाटत चाटत उंचीला उभा राहतो.
आत्या दारातून ओरडते,
"बाळसं हाय ते, दृष्ट लावू नका लेकराला!"
फॉर्मात बाळसं असा रकाना नाही.
मी लिहिते : पोटाचा घेर, सत्तावन्न.

मदतनीस मुद्रिकाबाई खिचडी हलवता हलवता सांगतात,
इथं समदी करडी होती.
हाताला फडकी बांधून काढायची, तरी काटे रुतायचेच.
घाण्यावरून तेल आलं
की त्या रात्री भाकरीवर तिखट, तिखटावर तेल,
कोपरापर्यंत ओघळ.
आता सोयाबीन. तेल पिशवीतून येतं,
कोणत्या झाडाचं, ते पिशवीलाच विचारावं.
बोलता बोलता पळीभर तेल
त्या मोजून घेतात, माझ्याकडं बघत.

शिवकन्येची आई, सत्यभामा,
सकाळी डेअरीच्या रांगेत असते.
मशीनमधे नळी बुडते, लाल आकडा उमटतो : सहा आठ.
त्यावर भाव.
सरकी कमी पडली की म्हशीची फॅट उतरते
हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही.
घरी लेकराला कोरा चहा
आणि त्यात पडून विरघळलेलं अर्धं बिस्कीट.

बाराला ती पोरीला न्यायला आली.
पदरानं घाम पुसत, अगदी तिथं विचारतात तसंच
विचारलं,
"किती लागली फॅट?"
मी आकडा सांगितला.
ती जरा थांबली.
"मंग कापतेत का?"
नाही हो. इथं काही कापत नाहीत.
इथं भाव नसतो.
"मंग मोजता कशाला?"

मी शेंगदाण्याचं बोलले. तिळाचं बोलले.
सकाळच्या दुधातलं एक भांडं मागं ठेवा म्हणाले,
निदान साय तरी.
ती हो हो म्हणाली,
जशी मी साहेबांना म्हणते.
शिवकन्या दंडावरचं टिंब
थुंकी लावून पुसत होती. निघत नव्हतं.

संध्याकाळची परभणी पॅसेंजर उशिरा.
घरी माझी लेक जेवायला बसलेली,
बारा सरून तेरावं लागलेलं.
वरणावरचं तूप चमच्यानं बाजूला काढते,
हळूच, भाताला धक्का न लावता.
हे तिला कोणी शिकवलं
ते मला माहीत आहे :
लग्नाला जायचं होतं, झगा बसत नव्हता,
माझ्या तोंडून एक वाक्य गेलं होतं.

ताटाच्या कडेला तूप थिजत जातं.
पिशवी खुंटीला आहे.
पोपट आत.
मी तिच्या ताटातलं ते तूप
बोटानं उचलून खाते,
आणि तिच्याकडं न बघता म्हणते,
कणीदार झालंय गं.